तक्रारवही

ऑरिनने ही वही बियाण्यांच्या दुकानातून फुकट आणली होती,
मक्याच्या कणसाचं चित्र अजून आहे वर.
पहिल्याच पानावर त्याचं जाड अक्षर:
फाटकाला कुलूप. गोळीबार चालू असताना लाल झेंडा.
रविवारी दहाच्या आधी नाही, चारच्या नंतर नाही.
कुणी ओरडलं तर आपण ओरडायचं नाही.
शेवटची ओळ माझ्यासाठी होती.

व्हरमाँटच्या या कोपऱ्यात पाटीच्या दगडाची खाण होती,
तिच्या पोटात आमची रेंज: सहा बाकं, शंभर यार्ड,
मागे वीस फुटांचा बांध,
उसन्या डोझरवर बसून त्याने दोन उन्हाळ्यांत रचलेला.
बांध गोळ्या अडवतो.
आवाज भिंतीवर आपटतो, वर चढतो,
आणि कुरणापलीकडच्या पिवळ्या घरात उतरतो,
जिथे तीन वर्षांपूर्वी मिस व्हॉस राहायला आली.

जन्मभर पियानोचे सूर लावले तिने.
मग साठवलेल्या पैशांतून शांतता विकत घेतली.
दलालाने ती तिला मंगळवारी दाखवली होती.

पहिल्या फोनवर मी म्हटलं, कायद्यात बसतं, बाई.
ती म्हणाली, कानात बसत नाही.

परगण्याचा माणूस यंत्र घेऊन आला,
दीड तास तिच्या अंगणात उभा राहिला,
आकडे मर्यादेच्या आत निघाले.
तिची खुर्ची मात्र त्या दिवसापासून अंगणात दिसली नाही.
मी बाकांवर छप्पर घातलं, आतून जुन्या गाद्या ठोकल्या,
बांधापाशी सीडरची रांग लावली.
झाडं अजून गुडघ्याएवढीच आहेत.

फोन चालूच राहिले, पण हळूहळू भलतंच विचारू लागले.
"चौथ्या बाकावर कोण आहे? घाबरतो तो.
थांबतो, थांबतो, आणि मग घाईने चाप ओढतो."
लॉवेल ट्रिप. तीस वर्षं नेम धरतोय,
आणि खरंच, गोळी सुटायच्या आत त्याचे डोळे मिटतात.

ऑरिनला शेवटी माझा आवाजही येत नव्हता.
जेवायला बोलवायचं तर मी टेबलावर हात आपटायचे,
तो लाकडातून ऐकायचा.
हे मी तिला सांगितलेलं नाही. वहीत त्याला रकाना नाही.

ऑक्टोबरातला बुधवार, संध्याकाळचे सहा.
"आज तुमचा दिवस नाही," ती म्हणाली,
"आणि ही बंदूक तुमच्यातली नाही. सुकी काटकी मोडावी तशी.
पाच झाल्या. प्रत्येकीमागून एक शीळ येते, खाली उतरत जाणारी."
शीळ म्हणजे गोळी दगडावर बसून परततेय.

कुलूप शाबूत, तार मात्र दाबलेली.
मी गाडीचे दिवे लावले, भोंगा दाबून धरला,
आणि ओरडले नाही.
तेरा वर्षांचा असेल, फॉन्टेनच्या गोठ्यावरचा नातू.
बोल्ट उघड. खाली ठेव. दोन पावलं मागे.
हात इतके कापत होते की बोल्ट दोनदा अडकला.
बंदूक आजोबांची. आजोबा जुलैत गेले.
खाणीच्या भिंतीवर त्याने खडूने हरीण काढलं होतं,
घाईत पाच पायांचं.

शेरिफचा नंबर फाटकावरच रंगवलेला आहे.
मी पोराला बादली दिली, म्हटलं, पितळ वेच.
त्याने आपली टरफलं वेचली, मग आमची,
मग गेल्या कित्येक रविवारांची, टॉर्चच्या उजेडात.
नंतर त्याला घरी सोडलं.
आईने दारात आधी बंदुकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

वहीत लिहिलं: अतिक्रमण, एक. तक्रार क्रमांक एकसष्ट, मिस व्हॉस.
कारवाईचा रकाना कोराच आहे.

रविवारी दहाला झेंडा चढवला. दहा-चारला फोन.
"चौथा बाक," ती म्हणाली, "अजून घाबरतो."
मी म्हटलं, हो.
मग कुणीच फोन ठेवला नाही.
लॉवेलने चाप ओढला,
तो आवाज माझ्या कानावर आला,
आणि श्वासभर उशिरा पुन्हा आला, फोनातून,
तिच्या घरी पोचलेला.